चौतिसावा चिमटा

सकाळी पावणेनऊला मोजणी ३३ वर अडली. निघाले होते ३४.

खडकवासल्याच्या चौपाटीपासून थोडं पुढे, धरणाच्या कडेला आम्ही सतरंज्या अंथरल्या होत्या. एका टेबलावर शाली, नारळ, चौकटीतली मानपत्रं मांडून तयार होती. ज्यांच्यासाठी ती मांडली त्यांच्यातलंच एक माणूस रस्त्यावर कुठेतरी राहिलं होतं, आणि नेमकं कोण हे कळायलाच आम्हाला आणखी पाच मिनिटं लागली. शेवटी पाण्याच्या टेबलावरचे काका म्हणाले, "अहो, आमच्या काकू कुठायत?"

मी धावण्याचा प्रशिक्षक आहे. बी.पी.एड. झाल्यावर काही वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, आता नऊ वर्षं पुण्यातल्या एका रनिंग क्लबचं काम बघतो. ह्या कामाचे मला पैसे मिळतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या ३४ स्वयंसेवकांबद्दल लिहितोय त्यांना एक रुपयाही मिळत नाही.

आमचा रविवारचा लांब पल्ला चौपाटीपासून पानशेत रस्त्याने जातो. १० किलोमीटर जायचं, १० यायचं. हिवाळ्यात १२० च्या आसपास माणसं असतात. साडेपाचला पळणारे निघतात तेव्हा वाटेत पाण्याची चार टेबलं लागलेली असतात. म्हणजे कुणीतरी साडेतीनला उठून २० लिटरचे जार गाडीत चढवलेले असतात. रविवारी सहा वाजल्यापासून सिंहगडावर जाणाऱ्यांच्या गाड्या ह्याच रस्त्याने सुरू होतात, म्हणून वळणावळणावर शिट्टी आणि लाल झेंडी घेऊन माणसं उभी लागतात. आणि सगळ्यात शेवटच्या पळणाऱ्याच्याही मागे एक जण असतो. स्पर्धांमध्ये त्याला स्वीपर म्हणतात, आमच्यात नाव पडलंय 'शेपूट'.

आमचं शेपूट म्हणजे काकू. वय ६१. पुणे स्टेशनच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे डाक सेवेत, सॉर्टर होत्या. डाकेच्या थैल्या मोजून घ्यायच्या, मोजून गाडीत द्यायच्या, ह्यात उभी नोकरी गेली. त्यांची मुलगी आमच्याकडे पळायला यायची, तिच्या सोबतीला म्हणून त्या येऊ लागल्या. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तरी काकूंचं येणं चालूच राहिलं. चिमट्यांची दोरी ही त्यांचीच कल्पना. सुरुवातीच्या जागी दोन झाडांना दोरी बांधायची, तिला कपडे वाळत घालायचे चिमटे, प्रत्येकावर रंगाने आकडा. निघताना आपला चिमटा काढून टी-शर्टला लावायचा, आल्यावर परत दोरीला. दोरी भरली की सगळे आले. दोरीवर एक जरी जागा रिकामी असली तरी काकू घरी जात नाहीत, आणि इतर कुणालाही जाऊ देत नाहीत.

तर, सत्काराचं.

५ डिसेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ठरवलेला स्वयंसेवक दिन. पण डिसेंबरचा पहिला रविवार परंपरेने पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनचा. १९८३ पासूनची ती शर्यत. त्या दिवशी आमचे निम्मे स्वयंसेवक तिथल्या कुठल्या ना कुठल्या चौकात पाणी वाटत असतात. म्हणून आमचा कार्यक्रम आम्ही पुढच्या रविवारी ठेवतो. दरवर्षी शाल-श्रीफळ, दोन भाषणं आणि पोहे. ह्या वेळी तरुण मुलांनी सुचवलं की अदलाबदल करू. स्वयंसेवक पळतील किंवा चालतील, ५ नाहीतर १० किलोमीटर, आणि त्यांची कामं आपण पळणारे करू. मला ते मनापासून आवडलं. मानपत्राचा मजकूर मी आधीच लिहून ठेवला होता. 'निःस्वार्थ सेवा', 'अमूल्य योगदान', 'क्लबचा कणा'. ३४ जणांना एकच मजकूर, फक्त नाव वेगळं.

साडेसहाला सगळे निघाले. अजून पुरतं उजाडलं नव्हतं, पाण्यावरून बोचरं वारं येत होतं. काही जण आयुष्यात पहिल्यांदाच पळत होते. केळी कापणाऱ्या ताईंनी तर नवे बूट घेतले होते. एरवी जी माणसं आम्हाला टाळ्या वाजवतात त्यांच्यासाठी आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवत होतो, आणि माझा गळा भरून आला होता.

पहिल्या अर्ध्या तासातच आमची फजिती सुरू झाली. टेबल आम्ही उताराच्या मधोमध लावलं होतं, जिथे पळणाऱ्याला थांबायला नको वाटतं. ग्लास काठोकाठ भरले, त्यामुळे हातात जाईपर्यंत निम्मं पाणी अंगावर. सालं टाकायची बादली केळ्यांच्या ताटलीला खेटून ठेवली; माणूस केळं खातो ते ५० पावलं पुढे जाऊन, म्हणजे सालं सगळी रस्त्यावर. एका मुलाने तर एक लिटर पाण्यात कालवायचं ओआरएसचं पाकीट अर्ध्या लिटरच्या जगमध्ये ओतलं. ते इतकं घट्ट खारट-गोड पाणी पोटाला झेपत नाही. दोघांना मळमळायला लागलं. हे सगळं निस्तरण्यासारखं होतं. काका जाता जाता थांबून टेबल स्वतः सरकवून गेले.

निस्तरता येणार नव्हती ती चूक माझी होती. सकाळी एका मुलाने विचारलं होतं, "सर, दोरी बांधायची का?" मी म्हणालो, "३४ तर माणसं आहेत, डोळ्यांनी मोजू."

शेपटाचं काम त्या दिवशी आमच्या सगळ्यात वेगवान मुलाकडे दिलं होतं. हिंजवडीत नोकरी, १० किलोमीटर ४० मिनिटांत पळतो, मनाने अतिशय चांगला. सव्वाआठला तो परत आला आणि म्हणाला, "सर, मागे कोणी नाही." त्याची काही लबाडी नव्हती. त्याला रस्त्यावर खरंच कोणी दिसलं नव्हतं. त्या संथ चालीत त्याचे पाय आखडायला लागले, म्हणून तो थोडं पळायचा, थांबायचा, परत पळायचा.

पावणेनऊनंतर जे झालं ते मी नीट क्रमाने सांगू शकणार नाही. दोन दुचाक्या पाठवल्या. काकूंचा फोन त्यांच्या पिशवीत, पिशवी आमच्याच सतरंजीवर. मुलीला नाशिकला फोन करावा की नाही, ह्यावर माझं आणि अध्यक्षांचं एकमत होईना. १० किलोमीटरचं वळण डोणजेच्या बाजूला होतं, तिथपर्यंत रस्त्याला एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाने गडावर जाणाऱ्या गाड्यांची रीघ. दोन्हींकडे बघवत नव्हतं. पहिली दुचाकी वळणापर्यंत जाऊन रिकामी आली. ज्या शाली मी आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवर फिरून निवडून आणल्या होत्या त्यांच्याकडे पाठ करून मी उभा राहिलो. ६१ वर्षांच्या बाईला १० किलोमीटर पाठवलं आणि तिच्या मागे कोण आहे ते बघितलं नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग काका म्हणाले, "गाडीवरून नाही दिसायच्या. चला, चालत जाऊ." सत्तरी ओलांडलेला माणूस, नुकताच ५ किलोमीटर चालून आलेला. मी गाडीने निम्म्या वाटेपर्यंत सोडतो म्हटलं, तेवढं मात्र ऐकलं. तिथून आम्ही चालत निघालो. काका प्रत्येक टपरीत डोकावत होते, उभ्या टेम्पोच्या मागे जाऊन बघत होते. एका देवळाच्या पारापर्यंत जाऊन आले. मी विचारलं, "काका, हे तुम्हाला कसं सुचलं?" म्हणाले, "सुचायचंय काय त्यात? त्या रोज अशाच येतात. माझं टेबल शेवटी आवरतं ना, मी बघत असतो."

पाचव्या की सहाव्या टपरीत काकू सापडल्या. वाऱ्यासाठी लावलेल्या प्लॅस्टिकच्या पडद्याआड, बाकड्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. घोटा सुजला होता. टपरीवाल्या मावशींनी ओला फडका बांधून दिला होता. शेजारी चहाचे दोन रिकामे कप.

मला बघितल्यावर त्या जे बोलल्या ते मी विसरणं शक्य नाही. "या सर. मला वाटलंच जरा उशीर होतोय आज शेपटाला."

पाय मुरगळला पावणेआठच्या सुमारास. मी म्हटलं, "काकू, अहो मावशींचा फोन घेऊन कळवायचं तरी!" त्या शांतपणे म्हणाल्या, "कशाला? दर रविवारी मीच सांगते ना सगळ्यांना, मधे थांबलात तर रस्त्यावर उभं राहू नका, गाड्या असतात, आत बसा. मागून शेपूट येतंच."

त्या दीड तासाहून जास्त वेळ बसल्या होत्या. एकदाही त्यांना वाटलं नव्हतं की कोणी येणारच नाही.

बाहेर येऊन मी रस्त्याच्या कडेला उभा राहून रडलो. काका काही बोलले नाहीत, फक्त बाजूला उभे राहिले.

दहाच्या सुमारास सगळे सतरंजीवर जमलो. काकूंच्या घोट्याला क्रेप बँडेज बांधलं, पाय खुर्चीवर ठेवला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माझ्या हातात पहिलं मानपत्र दिलं. मी 'निःस्वार्थ' इथपर्यंत वाचलं आणि पुढे वाचवेना. तो कागद कोणालाही लागू पडला असता. एखाद्या सहकारी पतपेढीच्या संचालकालाही. मी चौकट उलटी ठेवली आणि ज्याला जे माहीत असेल ते त्याने उभं राहून सांगावं म्हटलं. मीही बोललो. बहुतेक गोष्टी मला त्याच सकाळी कळल्या होत्या.

काकांबद्दल सांगितलं. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, तेव्हा ते ९ वर्षांचे, नारायण पेठेत राहायचे. पूर ओसरला आणि नळाला पाणी नाही, हे त्यांनी बघितलंय. त्यांचा पाण्याचा हिशोब कधी चुकत नाही: माणशी दर थांब्याला एक ग्लास पोटात, अर्धा सांडायला. १२० माणसं, येता-जाता मिळून सात थांबे, म्हणजे २० लिटरचे १० जार. पण मला त्यांचं खरं कसब वाटतं ते पाणी नाकारण्याचं. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यांनी एका मुलीला पाचवा ग्लास दिला नाही, तिला बसवलं, तिची अंगठी बोटात रुतलेली बघितली आणि मला फोन केला. फार वेळ पळताना नुसतंच पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजतात, डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर जिवावर बेततं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांतल्या १३ टक्क्यांचं सोडियम असं खाली आलेलं होतं. मी हे पुस्तकात वाचलंय. काकांनी ते अंगठीवरून ओळखलं.

वळणावर झेंडी घेऊन उभ्या राहणाऱ्या रिक्षावाल्या दादांबद्दल एका मुलाने सांगितलं. रविवार हा धंद्याचा दिवस, तरी आठपर्यंत ते आमच्यासाठी उभे राहतात, आणि पहाटेच्या अंधारात गाडीच्या आवाजावरून ती ब्रेक लावणार की नाही ते ओळखतात. केळीवाल्या ताई साल अर्धंच सोलून देतात, म्हणजे घामट हातातून केळं निसटत नाही. एक कॉलेजचा मुलगा स्टीलचे ग्लास घरी नेऊन घासून आणतो, आणि हे त्याच्या शेजारी पळणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. सगळ्यांबद्दल बोलून होईपर्यंत पोहे गार झाले. पुन्हा गरम केले.

हिंजवडीचा तो मुलगा बोलायला उठला नाही. तो काकूंच्या खुर्चीशेजारी खाली बसला होता. नंतर मी ऐकलं, तो त्यांना विचारत होता, "काकू, इतकं हळू चालताना पाय दुखत नाहीत?" त्या म्हणाल्या, "दुखतात रे. पण तू पळालास ना, की शेवटच्या माणसाला वाटतं आपल्यामुळे हा खोळंबलाय. मग तो कुठेतरी गुपचूप बसतो. त्याच्याशी गप्पा मारायच्या. घरचं विचारायचं. मागे वळून बघायचं, पुढे नाही."

शाल दिली, नारळ दिला. काकूंनी शाल तिथल्या तिथे पांघरली, गार वारं होतंच. मग विचारलं, "दोरी कुठाय?"

दोरी गाडीत होती. आणली, दोन झाडांना बांधली. त्या खुर्चीवरून म्हणाल्या, "आधी मोजा. मग घरी जायचं." साडेअकरा वाजत आले होते, ऊन चढलं होतं, आणि आम्ही एकेक जण चिमटा घेऊन दोरीला लावत होतो. ३३ झाले. शेवटचा मी त्यांच्या हातात दिला, दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना दोरीपर्यंत नेलं.

नवी मानपत्रं लिहायला मला तीन आठवडे लागले. ३४ वेगवेगळी, हाताने. काकूंना घोट्यासाठी दीड महिना विश्रांती सांगितली होती, तेवढे रविवार शेपूट मी झालो. पहिल्या रविवारी पावणेसहाला त्यांचा फोन आला. माझ्या पुढे एक नवी बाई चालत होती, पहिलाच दिवस, धाप लागलेली.

"सर, कुठे आहात?"

"शेवटच्या माणसाच्या मागे, काकू."

"किती मागे?"

"१० पावलं."

"इतकं जवळ नको. तिला पाठीवर ओझं वाटेल. ३० ठेवा. आणि डाव्या हाताला टेम्पो उभा असेल बघा, त्याच्या मागे बघितलंत का?"

मी परत फिरलो आणि टेम्पोच्या मागे बघून आलो.