तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या सामानाचं घर स्वस्त पडतं का?

‘पाडलेल्या वाड्याचं सामान वापरलं की घर स्वस्तात होतं ना?’ घर बांधायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो. नाही होत. सामानात वाचलेले पैसे मजुरीत जातात. तरीही जुनंच वापरा, असं मी म्हणते.

खर्चाचं गणित पाडकामातच ठरतं. जेसीबी लावला की हाती राडारोडा येतो. सामान हवं असेल तर वरून खाली हातानं उतरवावं लागतं: कौलं, रिपा, वासे, तुळया आणि मग भिंती. चुन्यातली वीट हातोडीच्या हलक्या ठोक्यानं मोकळी होते, कारण चुना विटेपेक्षा मऊ असतो. सिमेंटमधली वीट सांध्यातून सुटायच्या आधी स्वतःच फुटते. तसल्या विटा कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका.

पण माणसं खरी पोळतात ती लोण्यानं, म्हणजे विटेत मुरलेल्या क्षारांनी. जुन्या भिंतींना जोत्यावर ओल रोखणारा थर नसायचा. जमिनीतलं पाणी विटांतून वर चढायचं, वाळायचं आणि क्षार मागे ठेवायचं. गोठ्याच्या नि न्हाणीच्या भिंतींत तर फारच. अशी वीट दिसायला छान, वाजवली तर खणखणीत. नव्या भिंतीत बसवली, गिलावा झाला, रंग झाला, की ओल सुकताना पांढरी भुकटी बाहेर येते आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. परत गिलावा केला तरी परत तेच, कारण क्षार विटेच्या पोटात असतात; वरून धुऊन ते जात नाहीत. म्हणून पाडतानाच खालच्या तीन फुटांतल्या विटांचा ढीग वेगळा लावा. त्या अंगणातल्या पायवाटेला घाला, घरात नकोत.

उरलेल्यांतल्या काही विटा पसरट ताटलीत अडीच सेंटिमीटर डिस्टिल्ड पाण्यात उभ्या करा. पाणी आटलं की पुन्हा भरा, पुन्हा आटू द्या. दहा टक्क्यांपेक्षा जास्त भागावर पांढरं दिसलं तर मी तो ढीग घेत नाही. दुसऱ्या काही विटा कोरड्या तोलून २४ तास पाण्यात बुडवा: तीन किलोची वीट ३.६ किलोच्या वर गेली तर ती नको.

कौलांचं एवढंच: वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत. आधी कौलं आणा, मग रिपांचं अंतर ठरवा. दारं-खिडक्यांचंही तसंच, चौकटी मोजून मग नकाशा काढायचा. नकाशा आधी पक्का करून त्यात जुनी दारं कोंबायला निघालात, तर सुतार चौकट कापत बसतो आणि सागाची माती होते.

‘मग एवढा खटाटोप कशाला?’ त्या विटेसाठी माती खणून झाली आहे, भट्टीत जळण जळून गेलं आहे. तसला गाभ्याचा साग आज बाजारात सहज मिळत नाही. माझ्या लेखी एवढं कारण पुरेसं आहे. तुम्हाला ते पटलंच पाहिजे असं नाही.

आणि हो, ‘भिंती जुन्या विटांच्या केल्या तरी स्लॅब नव्या काँक्रीटचाच असतो, त्यात सिमेंट लागतंच,’ असा आक्षेप कुणी घेतला तर तो रास्त आहे. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार एम-२५ पर्यंतच्या ताकदीच्या आरसीसीत, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये, जुन्या काँक्रीटची खडी २० टक्क्यांपर्यंत चालते, पण त्यानं सिमेंट कमी होत नाही. तिथे माझं उत्तर तोकडंच पडतं. जुन्या सळ्या सरळ करून स्लॅबमध्ये घालायला मात्र सांगू नका. वाकवून सरळ केलेल्या सळीला जिथे वाकली होती तिथे बारीक चिरा पडू शकतात, आणि स्लॅब भरल्यावर त्या कुणालाच दिसत नाहीत.