काउंट नॉर्मल, तरी रक्त थांबेना

परवा विळीवर कांदा चिरताना बोट कापलं, आईने लगेच हळद दाबली आणि पाच मिनिटांत रक्त थांबलं. क्रेडिट हळदीला, राबल्या मात्र प्लेटलेट्स, म्हणजे रक्तातल्या चिमुकल्या पेशी! रक्तवाहिनी फाटली की तिच्या भिंतीतलं कोलॅजन हे प्रथिन उघडं पडतं, त्याला रक्तातलं फॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं प्रथिन चिकटतं, त्याला प्लेटलेट्स लटकतात, मग त्या बाकीच्यांना हाका मारत सुटतात आणि फायब्रिनोजेन या रक्तातल्याच प्रथिनाने एकमेकींना बांधून घेतात की झालं बूच तयार.

डेंग्यू आला की आपण सगळे प्लेटलेट्सचा काउंट विचारत बसतो, दीड ते साडेचार लाख नॉर्मल वगैरे, पण नुसत्या आकड्यावर काही नसतं हो. ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनिया म्हणून एक जन्मजात आजार आहे, १९१८ मध्ये एका स्विस डॉक्टरने सांगितलेला, त्यात काउंट अगदी नॉर्मल, पण फायब्रिनोजेन धरायचा हातच धड नसतो, त्यामुळे नाकातून, हिरड्यांतून रक्त येतच राहतं. बर्नार्ड-सुलिए या दुसऱ्या जन्मजात आजारात तर प्लेटलेट्सना ते पहिलं चिकटणंच जमत नाही.

बाबांची ॲस्पिरिन पण थोडंफार असंच काम बिघडवते, प्लेटलेटची हाक बंद, तीही तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे फार तर सात-दहा दिवस. म्हणून दाढी करताना कापलं की बाबा कितीतरी वेळ तुरटी फिरवत बसतात.