साइट चालू आहे, मग तक्रार कसली? – एचटीटीपी/३ चा माझा अनुभव

देवगडला काकांची हापूसची कलमं आहेत. पेट्या वेबसाइटवरून विकायचं काम माझ्याकडे. काका बागेत उभे राहून फोनवर शिल्लक पेट्या बघतात, आणि बागेतल्या रेंजबद्दल काय बोलावं! पान उघडतं, पण निम्म्या फोटोंच्या जागी राखाडी चौकोन.

हा टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवायच्या जुन्या पद्धतीचा, स्वभाव. १९८१ च्या आरएफसी ७९३ या मानक दस्तऐवजापासून ते डेटा क्रमानेच पुढे देतं. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरची आपसातली बोली; तिच्या २०१५ मध्ये आलेल्या आवृत्तीने, एचटीटीपी/२ ने, सगळे फोटो एकाच जोडणीतून आणायची सोय केली, पण खाली टीसीपीच. डेटाचा एक तुकडा, म्हणजे पॅकेट, हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत बाकीच्या फोटोंचा पोचलेला डेटाही खोळंबतो. करूळ घाटात एक ट्रक बंद पडला की मागच्या एसट्यांचं होतं तेच. टीसीपीच्या जागी आलेल्या क्विक या नव्या पद्धतीत प्रत्येक फोटोचा प्रवाह स्वतंत्र, त्यामुळे ज्याचं पॅकेट हरवलं तोच थांबतो. एचटीटीपी/३ चालतं ते या क्विकवर.

एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये आवृत्ती १.२५.० पासून ही सोय आहे. कॉन्फिगमध्ये दोन-चार ओळी, क्विक धावतं ते यूडीपीवरून (टीसीपीचा साधा भाऊबंद), म्हणून सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपीच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टला वाट, काम संपलं. म्हणजे संपायला हवं होतं. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधला प्रोटोकॉलचा रकाना काही केल्या एच-टू (एचटीटीपी/२) सोडेना.

इथून होस्टिंगवाल्यांचा सपोर्ट सुरू झाला. "सर, ४४३ उघडाच आहे." हो बाबा, टीसीपीचा! मी विचारतोय यूडीपीचं. पुढचं उत्तर नव्या माणसाचं: "आम्ही तपासलं, साइट उघडते आहे," आणि तक्रारीचं तिकीट बंद. उघडणारच! क्विक लागलं नाही तर ब्राउझर गुपचूप टीसीपीवर येतो, कुठे एरर नाही की लाल अक्षर नाही. पुन्हा तिकीट, पुन्हा नवा माणूस, पुन्हा "कॅश साफ करून बघा सर". इकडे काका: "आंबो संपाक इलो, तुझा ता काय झाला रे?"

शेवटी सर्व्हरवर टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन, लावून बसलो. यूडीपी ४४३ वर बाहेरून क्विकची विनंती पाठवली, पडद्यावर एक ओळ उमटली नाही. तीच विनंती सर्व्हरवरून सर्व्हरलाच केली, तर लगेच उत्तर. म्हणजे पॅकेट दारापर्यंत येतच नव्हतं. दोन्ही चित्रं तिकिटाला जोडली, तेव्हा कुठे ते वरच्या माणसाकडे गेलं. त्यांच्या बाहेरच्या फायरवॉलवर ४४३ चं यूडीपी सरसकट बंद होतं. मधली यंत्रं अनोळखी प्रोटोकॉल अडवतात म्हणून तर क्विक जुन्या यूडीपीवर उभारलं, आणि यांनी यूडीपीच अडवलं!

तेव्हा तिकिटात पहिल्याच ओळीत "यूडीपी" लिहा, आणि टीसीपीडम्पचं चित्र सुरुवातीलाच जोडा. हो, एक राहिलं: पहिली भेट बहुधा टीसीपीवरूनच होते. एचटीटीपी/३ आहे हे ब्राउझरला सर्व्हरच्या उत्तरासोबत येणाऱ्या ऑल्ट-एसव्हीसी हेडरमधून कळतं, म्हणून तो हेडर विसरू नका आणि पान पुन्हा लोड केल्याशिवाय निकाल देऊ नका.

आता बागेतल्या फोनवर रकान्यात एच-थ्री दिसतं आणि फोटो जसे येतील तसे भरत जातात. टीसीपीचा ४४३ मात्र चालूच ठेवलाय. कित्येक ऑफिसांच्या वायफायवर यूडीपी अडवलेलं असतं, आणि पेट्यांच्या ऑर्डरी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिथूनच येतात.