बाहेरच्यांना विचारलं तर

रविवार, रात्री साडेनऊ

आज मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, हंगामाचा सण झाला. सोलापुरातली गड्ड्याची यात्रा उठून महिना झाला, ऊन आत्ताच चटके देतंय, पण वेदीपुढं ज्वारीची कणसं, हरभऱ्याच्या पेंढ्या, वांगी, डाळिंबं, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या असं सगळं मांडलेलं पाहिलं की मला अजून लहानपणीसारखंच भरून येतं. उपासनेनंतर नेहमीप्रमाणे बाहेर लिंबाखाली लिलाव झाला. मी सुताच्या पेढीवर किर्द-खतावणी लिहितो हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळं दरवर्षी वही माझ्यापुढं येते. कोणी काय घेतलं, किती बोली झाली, पैसे आले की राहिले, हे लिहायचं. एका डाळिंबाला तीनशे रुपये आले. घेणाऱ्यानं ते परत लिलावाला ठेवलं आणि पुन्हा अडीचशे आले. आनंदाचा दिवस असतो तो.

सगळं आवरत आलं तेव्हा एक आजी टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. एकट्या राहतात, दोन-चार कोंबड्या पाळतात. दबक्या आवाजात विचारलं, "लेकरा, माझ्या अंड्यांचं किती झालं?" सहा अंडी होती. वहीत पाहिलं. दोनशे वीस. ऐकून त्यांचा चेहरा उजळला. मग जरा पुढं वाकून म्हणाल्या, "पोचेल ना रे नीट?"

मी हो म्हणालो. म्हणून तर टाकलं, पण माझ्या हातात काय होतं? वही मी लिहितो. पेटीची किल्ली माझ्याकडं नाही.

निघताना फाटकाशी कमिटीतले एक भाऊ भेटले. कमिटीची निवडणूक आलीये, या खेपेला तुमचं नाव सुचवतोय, पुढच्या रविवारपर्यंत सांगा, म्हणाले. मी पाहू म्हणालो. घरी आलो, जेवलो, आणि दोन तास झाले तरी ते "पोचेल ना रे नीट" कानातून जात नाही.

सोमवार

पहाटे उठून बायबलमधलं प्रेषित पौलाचं पत्र, पहिले तीमथ्य, तिसरा अध्याय काढला. पाळकांच्या दीक्षाविधीला, पंचांच्या, म्हणजे कमिटीवाल्यांच्या, नेमणुकीला इतक्यांदा ऐकलाय की कानावरून जातो. आज वहीत त्यातला पुढाऱ्याचा एकेक गुण उतरवून काढला. दोन ते सात या ओव्यांत पंधरा भरले. अदूष्य, एका स्त्रीचा पती, नेमस्त, सभ्य, अतिथिप्रिय, सौम्य, भांडखोर नसावा, द्रव्यलोभी नसावा, घर चांगलं चालवणारा, असे. या पंधरांत हातचं कसब म्हणावं असं एकच आहे, शिकवण्यात निपुण असणं. बाकीचे चौदा माणसाच्या वागण्याचे आहेत. आवाज भारदस्त असावा, इंग्रजी यावं, वरच्या लोकांत ऊठबस असावी, असं पौलानं कुठंच लिहिलेलं नाही. आणि आम्ही निवडताना हेच पाहतो. मीही पाहिलंय. मागच्या वेळी ज्याला मत दिलं त्याचं प्रार्थना करणं मला आवडायचं, एवढ्यावर दिलं.

मराठीत तिथं 'अध्यक्ष' शब्द आहे. तो वाचला की आपल्या डोळ्यांपुढं खुर्ची, हार आणि माइक येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देखरेख करणारा असा आहे, हे एका पाळकांनी बायबल अभ्यासात सांगितलं होतं. मेंढरांवर नजर ठेवणारा, रात्री कोण आत आलं नाही ते मोजणारा. हा अर्थ धरून वाचलं की अध्याय वेगळाच लागतो.

शेवटचा, पंधरावा गुण मी आजवर कधी थांबून वाचलाच नव्हता. बाहेरच्या लोकांनी त्याला चांगलं म्हटलेलं असावं. बाहेरचे म्हणजे जे मंडळीत नाहीत ते. सोलापुरात आमचे बाहेरचे कोण? गल्लीतले पद्मशाली, कोपऱ्यावरचे मुसलमान शिंपी, समोरचे लिंगायत किराणावाले, पेढीवरचे मारवाडी शेठ. दोन हजार वर्षांपूर्वी पौल सांगतोय की पुढारी निवडायच्या आधी त्यांनाही विचारा. आपल्याकडं कोणी विचारतं का?

मंगळवार

दिवसभर पेढीवर आकड्यांत डोकं होतं, तरी मन बाबांकडं जात राहिलं.

बाबा मिलमध्ये लूम खात्यात होते. मिल बंद पडली तेव्हा मी नववीत होतो. पैशाची ओढाताण आईनं कशीतरी सांभाळली. पण बाबांना सकाळ झाली की जायला जागा नव्हती, त्याचं काय करावं ते कोणालाच कळेना. भोंगा बंद झाला तरी ते पाचला उठायचे, दाढी करायचे, शर्ट घालून खाटेवर बसायचे. डबा मागायचे नाहीत. ते बसलेले अजून माझ्या डोळ्यांपुढं आहेत.

तेव्हाचे पाळक सायकलवर फिरायचे. एके दिवशी सकाळी साडेसातला आले. आम्हाला वाटलं आता शास्त्रपाठ, प्रार्थना होणार. त्यांनी चहा घेतला आणि बाबांना म्हणाले, "सिव्हिलला एक आजारी आहेत, नंतर मोदी भागात एका घरी जायचंय. दोघं असलो की बरं असतं. चला की." बाबा कॅरिअरवर बसून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. असं दीड वर्ष चाललं. आजाऱ्यांजवळ बसणं, मयताच्या घरी खुर्च्या लावणं, कोणाचं रेशनकार्ड, कोणाच्या मुलाची फी, बाबा सगळ्यात असायचे. पुढं त्यांना एका कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालायचं काम लागलं, पण दर रविवारी दुपारी सिव्हिलला जायचं त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही. पाळकांनी आमच्या घरी काय केलं याचा उल्लेख वेदीवरून एकदाही झाला नाही.

त्यांची बदली होऊन वर्षं लोटली तरी कोपऱ्यावरचे शिंपीचाचा मला विचारायचे, "तुमचे ते सायकलवाले पाद्रीसाहेब कुठं असतात? सलाम सांगा त्यांना." चाचांनी त्यांचा एकही उपदेश ऐकलेला नव्हता.

बुधवार

आज पाण्याचा दिवस. आमच्याकडं चार दिवसांनी पाणी येतं आणि त्या पहाटे माणसाची खरी परीक्षा होते. सव्वापाचला नळ सुटला. शेजारच्या अक्कांनी मोटार लावली आणि आमची धार करंगळीएवढी झाली. मी बाहेर जाऊन ओरडलो. नुसता ओरडलो नाही, त्यांच्या मुलांच्या देखत म्हणालो की तुम्हा लोकांना शिस्तच नाही. 'तुम्हा लोकांना' म्हणालो. अक्कांनी काही न बोलता मोटारीचं बटण बंद केलं.

आत आलो तर टेबलावर बायबल तसंच उघडं होतं, त्याच अध्यायावर. 'भांडखोर नसावा' याच्या खाली मी सोमवारी पेन्सिलीनं रेघ मारली होती.

उद्या कोणी अक्कांना जाऊन विचारलं की हा माणूस ख्रिस्ती मंडळीचा पंच होण्यालायक आहे का, तर त्या काय सांगतील? ही म्हणाली, "जाऊन बोला त्यांच्याशी." मी म्हणालो, संध्याकाळी जातो. गेलो नाही.

गुरुवार, रात्री उशिरा

एक गोष्ट लिहायची टाळत होतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी, आमच्या एका मंडळीत, इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसे गोळा झाले. लोकांनी दिले, बाहेरगावच्या नातेवाइकांकडून आणले, एका विधवेनं कानातलं मोडून दिलं. दुरुस्ती अर्धीच झाली. मी तेव्हा तरुण संघात होतो. मीटिंगमध्ये उठून हिशोब विचारला. वडीलधाऱ्यांपैकी एकानं उत्तर दिलं, "प्रभूच्या कामात हिशोब मागतोस?" सगळे गप्प झाले. मीही खाली बसलो. पुढं ते प्रकरण तसंच विरलं. पैसे कोणी खाल्ले असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही आणि माहीत नसताना म्हणणं पाप आहे. पण हिशोब आला नाही. त्या बाईनं पुढं वर्गणी देणं थांबवलं, मग येणं थांबवलं. एक माणूस देवाच्या घरातून निघून गेलं, आणि मी खाली बसलो नसतो तर कदाचित राहिलं असतं.

करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय आज पुन्हा वाचला. यरुशलेमातल्या गरीब भावंडांसाठी मोठी रक्कम न्यायची होती. पौल एकटा नेऊ शकला असता, त्याच्यावर कोण संशय घेणार? तरी तो तीत या आपल्या सोबत्याला पाठवतो, त्याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला दुसरा भाऊ देतो, आणि कारणही लिहून ठेवतो: या देणगीच्या बाबतीत कोणी आम्हाला दोष लावू नये, आणि जे प्रभूच्या दृष्टीनं चांगलं तेच माणसांच्या दृष्टीनंही चांगलं असावं. म्हणजे हिशोब मागणं अविश्वासाचं लक्षण आहे असं प्रेषितालाही वाटलं नव्हतं. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर मी उभाच राहिलो असतो. खरं तर ठाऊक होतं. धीर नव्हता.

आणि दोष एकट्या पुढाऱ्यांना लावून भागत नाही. आमच्या आजा-पणज्यांना अमेरिकन मराठी मिशननं जी पद्धत शिकवली तिच्यात मंडळीनंच आपले पंच निवडायचे असतात. 1970 मध्ये नागपूरला वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, नावं-नियम बदलले, पण हात आम्हीच वर करतो. वर्षानुवर्षं तीच नावं येतात आणि आम्ही घाईत हात वर करून घरी जातो, कारण दीड वाजलेला असतो आणि भाकरी थापायच्या असतात.

शुक्रवार

हिला विचारलं, मी उभा राहू का? ही शेंगा कुटत होती. थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मीटिंगहून तुम्ही कसे घरी येता ते मलाच माहीत. बाहेर सगळ्यांशी गोड, आणि घरात आल्यावर पोरावर राग."

खरं आहे. पोराशी मी महिनाभर नीट बोललेलो नाही. बारावीत मार्क कमी पडले म्हणून.

लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक केवढे मोठे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांची भजनं आम्ही रविवारी गातो, शेवटी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात देवाचा दरबार उभा केला, बाप्तिस्मा झालेल्या न झालेल्या सगळ्यांसाठी. पण त्यांचा तापटपणा, विसराळूपणा, घरात दमडी नसताना हातचं देऊन टाकणं, हे सगळं आपल्याला कळतं ते बायकोनं लिहून ठेवलं म्हणून. 'स्मृतिचित्रे' वाचताना टिळकांवरचं प्रेम वाढतंच. घरचं माणूस सगळं उघड सांगतं आणि तरी आदर राहतो, असा माणूस पुढारी व्हावा. पौलानं घराची अट घातली ती यासाठीच असावी असं मला आज वाटलं. माझ्याबद्दल हिनं लिहायचं ठरवलं तर?

रात्री पोराच्या खोलीत गेलो. काय बोलावं सुचेना, म्हणून त्याच्या सायकलची चेन तेल घालून देऊ का विचारलं. दोघं अंगणात बसलो. फार काही बोललो नाही. त्यानं बॅटरी धरली.

शनिवार

दुपारी अक्कांकडं गेलो. उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. भिजवलेलं पान, त्यावर पत्र्याचा साचा, कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळायचं, टोक दुमडायचं, दोरा. बोलताना त्यांची नजर माझ्याकडं आणि बोटं आपल्या कामात. मी म्हणालो, "अक्का, परवा मी चुकलो. तुम्हा लोकांना म्हणालो ते फार वाईट होतं."

त्या म्हणाल्या, "अण्णा, आमची मोटार पण चूकच होती की. हजार विड्या घालायच्या असतात, पाणी लवकर भरलं तर बसता येतंय." मग थांबून म्हणाल्या, "पण पोरं विचारली मला, असं का म्हणाले म्हणून."

पोरं आतच होती. त्यांनाही सांगितलं. पुढच्या वेळी आधी त्यांचं पिंप, मग आमचं, असं ठरलं.

तिथून मंडळीच्या खजिनदारांच्या घरी गेलो. हंगामाच्या लिलावाचे पैसे बँकेत भरलेली स्लिप बघायला मिळेल का, असं विचारलं. आवाज थोडा कापला. ते रागावतील वाटलं होतं. त्यांनी कपाटातून फाइल काढून पुढं ठेवली आणि म्हणाले, "विचारलंत ते बरं केलंत, कोणी बघतच नाही." मंगळवारीच भरलेले होते, सगळे, माझ्या वहीतल्या बेरजेइतकेच. इतकी वर्षं मी या माणसाबद्दल मनात काय काय धरून होतो. स्लिपची झेरॉक्स मागून घेतली.

रविवार, दुपारी

पहाटे पाणी आलं. आधी अक्कांचं पिंप भरलं.

उपासनेनंतर त्या भाऊंना सांगितलं, उभा राहतो, पण दानार्पण मोजायला दर रविवारी नात्यातले नसलेले दोघं बसावेत आणि महिन्याचा हिशोब बाहेरच्या फळ्यावर लागावा, हे मी पहिल्याच मीटिंगमध्ये मांडणार. हे चालत असेल तर नाव सुचवा. त्यांनी मान खाजवली. "विचारून सांगतो," म्हणाले.

आजी लिंबाखाली बसल्या होत्या. त्यांना झेरॉक्स दाखवली. वाचता येत नाही त्यांना. निळ्याचा काळा झालेला गोल त्यांनी बोटानं चाचपला.

"हे काय?"

"बँकेचा शिक्का. तुमचे दोनशे वीस यात आहेत."

"सगळ्यांच्यात मिसळून?"

"हो, सगळ्यांच्यात."

"बरं," म्हणाल्या, आणि कागद घडी घालून बायबलमध्ये ठेवला.