प्रॉग: पाहुण्या नावांचा माग

यस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड, किंग क्रिमसन, ईएलपी (इमर्सन, लेक अँड पामर), जेथ्रो टल. प्रॉग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकमधले हे मोठे बँड. ही मंडळी तोंडपाठ झाली की पुढे काय, असं विचारलं तर हमखास 'यांच्यासारखं वाजवणाऱ्या' बँडची यादी हातात पडते. या याद्यांवरचा माझा विश्वास उडालाय. 'जेनेसिससारखं' म्हणून जे मिळतं ती बहुतेक वेळा नक्कल असते, आणि नक्कलच ऐकायची तर मूळ काय वाईट आहे?

म्हणून सध्या वेगळा नियम लावलाय. अल्बमच्या कव्हरवर आत बारीक अक्षरांत जी नावं असतात, त्यातलं एक उचलायचं आणि ते नेईल तिथे जायचं. पाहुणा वादक किंवा गीतकार असेल तर उत्तमच. आपल्यासारखाच वाजवणारा माणूस कोणी पाहुणा म्हणून सहसा बोलावत नाही, त्यामुळे या वाटेने शेजार मिळतो, प्रतिकृती मिळत नाही.

पहिला धागा सोपा होता: किंग क्रिमसनचा गिटारवाला रॉबर्ट फ्रिप. क्रिमसनमध्ये असतानाच त्याने व्हॅन डर ग्राफ जनरेटरच्या 'एच टू ही' (1970) आणि 'पॉन हार्ट्स' (1971) या दोन अल्बमवर पाहुणा म्हणून गिटार वाजवली. गंमत अशी की पाहुणा गिटारवाला असलेल्या या बँडचा सगळा डोलारा गिटारवर नाहीच. ऑर्गन, सॅक्सोफोन, ड्रम्स आणि पीटर हॅमिलचा आवाज. बास वाजवणारा निक पॉटर 1970 मध्ये सोडून गेला, तेव्हा ह्यू बँटनने बरंचसं काम ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर उचललं. म्हणजे खालचा गडगडाट पायांनी आणि वरचे सूर हातांनी. डेव्हिड जॅक्सन ऑल्टो आणि टेनर सॅक्स एकाच वेळी तोंडात धरून वाजवायचा. हे माहीत असलं की त्या गोंगाटाची घडण कळायला लागते.

'पॉन हार्ट्स'ची अख्खी दुसरी बाजू म्हणजे दीपगृहाच्या रखवालदारावरची सुमारे 23 मिनिटांची रचना. डोळ्यांदेखत जहाजं फुटतात आणि हा काही करू शकत नाही. मध्ये एका तुकड्यात गाणं थांबतं आणि धुक्यातले भोंगे वाटावेत असे सूर एकमेकांवर आदळतात. हॅमिल कुजबुजतो, पुढच्याच ओळीत किंचाळतो. ज्याला हा आवाज सोसत नाही त्याला हा बँड कधीच पटणार नाही, त्यात दोष कोणाचाच नाही. नव्याने ऐकणाऱ्याने मात्र इथून सुरुवात करू नये. 'गॉडब्लफ' (1975) घ्या. चारच ट्रॅक आहेत, बांधणी घट्ट आणि फापटपसारा कमी.

आता हॅमिलचं नाव उचललं आणि थेट इटलीत पोचलो. 'पॉन हार्ट्स' इटलीत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला होता, त्यामुळे ही ये-जा होणं साहजिक. ले ओर्मे या त्रिकुटाचा 'फेलोना ए सोरोना' (1973) इंग्रजीत आला, तेव्हा त्याचे शब्द हॅमिलने लिहिले. फेलोना आणि सोरोना हे दोन ग्रह, एक उजेडातला आणि एक अंधारातला. सगळा अल्बम अर्ध्या तासाच्या जरा वर आणि त्यात एकही मिनिट भरतीचं नाही. गिटारच्या सोलोंची सवय असेल तर सुरुवातीला जागा मोकळी वाटते. मग तोनी पाल्यूकाचे कीबोर्ड ती जागा कशी भरतात ते ऐकू येतं.

इटलीत दुसऱ्या दारानेही शिरता येतं. क्रिमसनचा गीतकार पीट सिनफिल्ड याने प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी, म्हणजे पीएफएम, यांच्या 'फोटोज ऑफ घोस्ट्स'साठी (1973) इंग्रजी शब्द लिहिले, आणि तो अल्बम ईएलपीच्या मँटिकोर लेबलवर निघाला. त्यातला बराचसा भाग 'पेर उन अमीको'मधून (1972) आलेला. दोन्ही पाठोपाठ ऐकून माझं मत ठाम झालंय: इटालियनच ऐका. सिनफिल्डचे शब्द वाईट नाहीत, पण या चाली स्वरांत संपणाऱ्या शब्दांसाठी बांधल्यात. ओळीच्या शेवटी 'आ' किंवा 'ओ' लांबवला की बासरी अलगद त्यावर येऊन बसते. इंग्रजीत तिथे व्यंजन येतं आणि ओळ मिटते.

खरा मुक्काम पडला तो बांको देल मूतुओ सोक्कोर्सोच्या 'डार्विन!'पाशी (1972). व्हित्तोरियो आणि जान्नी नोचेंत्सी हे दोघे भाऊ, एकाकडे ऑर्गन, दुसऱ्याकडे पियानो. गायक फ्रांचेस्को दी जाकोमोचा आवाज ऑपेराच्या रंगमंचावर शोभेल असा. उत्क्रांतीवरचा संकल्पना-अल्बम म्हटल्यावर मला जरा धास्तीच वाटली होती, संकल्पनांपायी किती चांगले बँड बुडाले ते आपण जाणतोच. पण साडेसात लाख वर्षांपूर्वीच्या प्रेमावरचं एक गाणं आहे त्यात. पूर्ण माणूस न झालेल्या एका प्राण्याला मादी दिसते, काहीतरी वाटतं, आणि ते सांगायला त्याच्याकडे भाषा नाही. सुरुवातीला पियानो आणि तो आवाज, जवळजवळ एवढंच. प्रॉगवर थंडपणाचा आरोप करणाऱ्याला हे गाणं ऐकवावं, पुढे वाद घालायची गरज पडत नाही.

इंग्लंडमधल्या कँटरबरी गावाभोवतीच्या बँडचा धागा जास्त गुंत्याचा आहे, कारण तिथे सगळेच एकमेकांच्या घरात राहायला जातात. कॅराव्हॅन आणि सॉफ्ट मशीन हे दोन्ही बँड वाइल्ड फ्लॉवर्स या बँडमधून फुटले. कॅराव्हॅनच्या 'इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक'मधला (1971) रिचर्ड सिंक्लेअर पुढे हॅटफिल्ड अँड द नॉर्थमध्ये गेला. बँडचं नाव चक्क लंडनबाहेर जाणाऱ्या रस्त्यावरच्या पाटीवरून घेतलेलं. इथला ऑर्गन डेव्ह स्ट्युअर्टचा (युरिथमिक्सवाला तो वेगळा). मात्रा सतत बदलत असतात, पण कोणी त्याचा गाजावाजा करत नाही. सिंक्लेअर इतक्या निवांतपणे गातो की आपण मोजायचं विसरतो आणि सम हुकली हे नंतर कळतं. अवघड काम एवढ्या बेफिकिरीने करणं मला यसच्या आतषबाजीपेक्षा जास्त आवडायला लागलंय. हे इथे लिहिल्यावर शिव्या पडतील, पडू देत.

हॅटफिल्डच्या 'द रॉटर्स क्लब'वर (1975) बसून (bassoon) हे खर्जातलं फुंकवाद्य वाजवलं आहे लिंडसे कूपरने आणि क्लॅरिनेट टिम हॉजकिन्सनने. दोघंही हेन्री काव या बँडचे. हेन्री कावने मार्च 1978 मध्ये लंडनला 'रॉक इन ऑपोझिशन' नावाचं संमेलन भरवलं. स्वीडनचे साम्ला मामास मान्ना, इटलीचे स्टॉर्मी सिक्स, फ्रान्सचे एत्रों फू लेलूब्लां आणि बेल्जियमचे युनिव्हर्स झेरो. मोठ्या कंपन्या ज्यांना हात लावत नव्हत्या, अशा बँडची ही एकजूट. यातले युनिव्हर्स झेरो मी सध्या ऐकतोय. 'हेरेसी'वर (1979) बसून, हार्मोनियम, व्हायोलिन, आणि अंधार. पहिला ट्रॅक सलग ऐकवत नाही अजून. बसून हे एरवी विनोदी वाटणारं वाद्य इथे इतकं भयाण कसं होतं, एवढं शोधतोय.

नियमाला एक मोठा अपवाद सापडला: जेंटल जायंट हा बँड. त्यांच्या कव्हरवरून बाहेर जायला वाट जवळजवळ नाहीच, बहुतेक सगळं घरच्या घरी. तरी 'फ्री हँड'मधलं (1975) 'ऑन रिफ्लेक्शन' एकदा लक्ष देऊन ऐकाच. नुसते आवाज, एकाने ओळ उचलली की ती पुरी व्हायच्या आत दुसरा तीच ओळ घेऊन शिरतो, मग तिसरा, मग चौथा. मध्ये केरी मिनिअरचा हळुवार भाग येतो, आणि शेवटी तीच रचना वाद्यांवर परतते. दर वेळी एकाच आवाजाचा माग धरून ऐकलं तर ते चार वेगळी गाणी असल्यासारखं उलगडतं. (त्यांचा गायक डेरेक शुलमन पुढे रेकॉर्ड कंपनीत गेला आणि त्याने बॉन जोव्हीला करारबद्ध केलं. हा धागा मी ओढलेला नाही, ओढणारही नाही.)

माग्मा या फ्रेंच बँडपर्यंतही या वाटेने पोचता आलं नाही. ख्रिस्तियान व्हांदेरने स्वतःची कोबायन भाषाच तयार केली, त्यामुळे 'मेकानिक डेस्ट्रुक्टिव कोमांडो'ला (1973) इंग्रजी शब्द लिहायला कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे सरळ उडी मारायची आणि पहिली दहा मिनिटं तग धरायची.

रांगेत आता स्वीडनचे आंग्लागार्ड, 'हायब्रिस' (1992). तिथे मेलोट्रॉन, म्हणजे टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड, भरपूर आहे. प्रत्येक पट्टीमागे साधारण आठ सेकंदांची टेप, ती संपली की बोट उचलावंच लागतं, तेव्हा कोरसचा सूर कुठे तुटतो ते हेडफोनवर धरायचा विचार आहे. त्यानंतर चिलीचे लोस हाइवास. त्यांनी नेरुदाच्या कवितांवर 'आल्तुरास दे माच्चू पिच्चू' (1981) केलाय, म्हणजे या खेपेला माग वादकाचा नसून कवीचा.