कवडीचं गाठोडं

मागच्या वर्षी दिवाळीनंतर अवकाळी आला आणि शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या चार एकरांत फुटलेली बोंडं झाडावरच भिजली. पहिली वेचणी तेवढी घरात आली होती. ओसरीत पांढऱ्याशुभ्र कापसाचा छातीएवढा ढीग होता. दुसऱ्या वेचणीचा माल पिवळट, डागी. त्याला आम्ही कवडी म्हणतो.

त्याच आठवड्यात चर्चमध्ये कापणीचा सण होता. आमच्याकडे प्रत्येक जण शेतातलं काहीतरी वेदीपुढे ठेवतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मी गाठोडं बांधलं ते कवडीचं. पांढऱ्या मालावर बियाण्याची उधारी फेडायची होती.

आई बल्बखाली तिच्या वाट्याचा कापूस निवडत बसली होती. बोटांच्या चिमटीत पाल्याचा एकेक चुरा धरायची, ओढायची, परातीत टाकायची. सत्तरी ओलांडलेल्या डोळ्यांना तो चुरा कसा दिसत होता, देव जाणे. तिनं माझं गाठोडं सोडलं, मूठभर कापूस उजेडात धरला आणि म्हणाली, "व्यापारीले दिसस, मंग देवले दिसत नही का रे भाऊ?"

मी गप्प झालो. व्यापारी गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून खालचा माल वर काढतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात. 12 टक्क्यांच्या वर निघाला की माल परत. हे सगळं ठाऊक असल्यानं कवडी तिकडे न्यायचं माझ्या मनातही आलं नसतं. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात देव हेच विचारतो: आंधळं, लंगडं जनावर माझ्या वेदीवर आणता, ते तुमच्या अधिपतीला देऊन बघा, तो खूश होईल का? हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या रात्री पहिल्यांदा तो माझ्या ओसरीत वाचला गेला.

मंदिरातल्या दानपेटीत गरीब विधवेनं दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या, तेव्हा येशूनं शिष्यांना जवळ बोलावून दाखवलं की इतरांनी भरपूर असलेल्यातून दिलं, हिनं सगळी उपजीविकाच टाकली. मी इतकी वर्षं समजत होतो की ही गोष्ट गरिबांसाठी आहे. ती माझ्यासारख्यासाठी आहे, जो आधी स्वतःचं काढून घेतो आणि उरलेलं देवाला देतो.

कापसाचं तर एका रात्रीत झालं. गाठोडं सोडलं, पहिल्या वेचणीचं बांधलं. अवघड होतं ते दुसरं. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौल आपली शरीरंच जिवंत यज्ञ म्हणून द्यायला सांगतो, आणि माझी प्रार्थना रात्री मोटार बंद करून आल्यावर, चिखलाच्या पायांनी, अर्ध्या झोपेत व्हायची. दिवसाचीही कवडीच मी देवाला देत होतो. आता पहाटे उठल्यावर, मोबाइलवर बाजारभाव बघायच्या आधी, मी बसतो. बायको शेजारी येऊन बसते. काही दिवस मन पळतं, उधारीकडे, कापसाच्या भावाकडे. मग पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करतो.

यंदाची पहिली वेचणी परवा घरात आली. आईनं परात मागितली आणि माझ्यासाठी शेजारी पाट टाकला.