आधी ईस्टर बघा, मग तिकीट काढा

नाशिकहून ग्रीसला जायचं ठरवणारी मंडळी बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. मुलांची परीक्षा कधी संपते, विमान कुठलं स्वस्त पडतं, सँटोरिनी बेटावर समुद्र दिसणारी खोली मिळते का, इथून हिशेब सुरू होतो. ईस्टरची तारीख आणि बोटींचं वेळापत्रक बघायचं शेवटी सुचतं. वसंतात तिथली सहल बिघडते ती मात्र नेमकी या दोन गोष्टींमुळे.

ग्रीसमधला ईस्टर ऑर्थोडॉक्स चर्चचा. मोबाइलच्या कॅलेंडरवर दिसतो तो सहसा पाश्चात्त्य चर्चचा, त्यावर विसंबू नका. ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवरून तारीख काढतं, त्यात चंद्राचाही हिशेब असतो, त्यामुळे ती आपल्या सणांसारखी मागेपुढे सरकते. २०२६ साली १२ एप्रिल, २०२७ साली २ मे, २०२८ साली १६ एप्रिल. २०२७ मध्ये पाश्चात्त्य ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे दोघांत तब्बल पाच आठवड्यांचं अंतर.

हे इतकं महत्त्वाचं का, तर ईस्टरला अथेन्स रिकामं होतं. दिवाळीला पुण्या-मुंबईची माणसं गावाकडे सुटतात तसं. आदल्या बुधवारपासून शुक्रवारपर्यंत बेटांकडे जाणाऱ्या बोटी भरलेल्या, आणि नंतरच्या सोमवार-मंगळवारी परतीच्या. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर उभं राहिलेल्या माणसाला अथेन्सच्या पिरेअस बंदरावरची ती गर्दी वेगळी समजावून सांगायला नको. शुक्रवारी प्राचीन स्थळं दुपारी १२ ला उघडतात, रविवारी अॅक्रोपोलिस, म्हणजे अथेन्सच्या टेकडीवरची प्राचीन मंदिरं, बंद, सोमवारीही सार्वजनिक सुट्टी. त्याशिवाय २५ मार्च हा तिथला स्वातंत्र्यदिन आणि १ मे हा कामगार दिन, या दोन्ही दिवशी अॅक्रोपोलिसला टाळं असतं. १ मेला खलाशांचा संपही अनेकदा ठरलेला, तेव्हा त्या दिवसाची बोट धरूच नका.

मग करायचं काय? ईस्टर बघायचाच असेल तर बुधवार ते मंगळवार एकाच गावात मुक्काम ठोका. शुक्रवारी संध्याकाळी फुलांनी सजवलेल्या एपिटाफिओसची, म्हणजे ख्रिस्ताच्या प्रतीकात्मक शवपेटीची, मिरवणूक, शनिवारी मध्यरात्री दिवे मालवून एका ज्योतीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटवणं, हे बघण्यासारखं आहे. फक्त रविवारी गल्लोगल्ली सळईवर अख्खं कोकरू भाजत असतं. ते डोळ्यांना झेपणारं नसेल तर ईस्टरच्या आधीचे आठवडे निवडा. शाकाहारी घरांनी तर तेच निवडावेत.

कारण त्या आठवड्यांत ग्रीसमध्ये अनेकांचा उपास असतो. २०२७ मध्ये तो १५ मार्चच्या ‘स्वच्छ सोमवारी’ सुरू होऊन ईस्टरपर्यंत चालेल. या काळात मांस, दूध, अंडी वर्ज्य, आणि खाणावळी, बेकऱ्या, अगदी बर्गरवालेसुद्धा ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचे पदार्थ ठेवतात. हा एक शब्द पाठ करा. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर समोर चीज घातलेलं सॅलड येतं. ‘निस्तीसिमो’ म्हटल्यावर खरं जेवण येतं. गिगांतेस म्हणजे टोमॅटोच्या रश्शात भाजलेले, आपल्या पावट्याच्या दुप्पट आकाराचे पांढरे दाणे. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट गोळा वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. चमच्याने खा, पण मीठ-लिंबू मागून घ्या. होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, लिंबू पिळून. वसंतात त्या कोवळ्या असतात. ब्रियाम म्हणजे वांगी, बटाटा, टोमॅटो आणि झुकिनी भट्टीत एकत्र शिजवलेली.

यात दोन खड्डे आहेत. पहिला: या उपासाला पाठीचा कणा नसलेले जलचर चालतात. कोळंबी, माकुळ, ऑक्टोपस हे सगळं ‘निस्तीसिमो’च. म्हणून त्या शब्दापुढे ‘होरिस थालासिना’, म्हणजे समुद्रातलं काही नको, हे जोडायचं. दुसरा खड्डा तारामोसालाता. दिसायला पांढरी-गुलाबी चटणी, पण असते माशाच्या गाबोळीची, आणि पाटीवर ती बिनधास्त भाज्यांच्या चटण्यांच्या रांगेत बसते. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळलेले दोल्मादेस नाशिककरांनी जरूर खावेत, छाटणीत आपण तीच पानं फेकून देतो. त्यातही बघा: गार, तेलात मुरलेले आणि वर लिंबू असतील तर बिनमांसाचे. त्यांना ‘यालान्जी’ म्हणतात, म्हणजे खोटारडे. गरम आणि वर अंडं-लिंबाचा पिवळसर रस्सा असेल तर आत बहुधा खिमा निघणार. गेमिस्ताचंही तसंच, भरलेल्या टोमॅटो-ढोबळी मिरचीत खिमा आहे का ते विचारून घ्यायचं. काटेकोर पाळणाऱ्यांसाठी आणखी एक: फेटा चीज परंपरेने कोकराच्या किंवा करडाच्या जठरातलं विरजण घालून करतात. जैन मंडळींना मात्र कांदा-लसूण टाळून बाहेर जेवणं फार अवघड जाईल, त्यांनी स्वयंपाकघर असलेलीच खोली घ्यावी.

बॅगेत चिवडा, भाजलेल्या डाळींची पीठं, थेपले, कोरडे मसाले चालतात. दुधाचं आणि मांसाचं काहीही युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाही, त्यामुळे पेढे आणि तुपाचा डबा घरीच ठेवा. ताजी फळंही नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच प्रमाणपत्राशिवाय चालतात. नाशिकची द्राक्षं कंटेनर भरून युरोपात जातात, पण ती कागदपत्रांसकट; पिशवीतली दोन किलो विमानतळावर कचऱ्यात जातील.

आता व्हिसा. लागतो तो शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण शंका आल्यास ४५ पर्यंत लागू शकतात. एप्रिलच्या प्रवासासाठी जानेवारीत अर्ज देणं शहाणपणाचं. मार्चमध्ये मुंबईच्या केंद्रात वेळ मिळणंच मुश्कील होऊन बसतं. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. केंद्राचा सेवाआकार वेगळा. बोटांचे ठसे ५९ महिने ग्राह्य असतात, म्हणजे अलीकडे शेंगेन घेतलेल्यांना ते पुन्हा देण्याची सहसा गरज नाही. १२ वर्षांखालच्यांचे घेतच नाहीत. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून जाणार असाल तर दुपारचीच वेळ घ्या, १० ची घेतलीत तर तेव्हा तुम्ही अजून गाडीतच असाल.

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. हे सगळ्यांना माहीत असतं. अर्ज अडकतो तो दुसरीकडेच. खात्यात अर्जाच्या आठ दिवस आधी कुठून तरी चार लाख आलेले दिसले की संशय येतो. पैसे खरे असतील, एफडी मोडली असेल, तर मोडल्याची पावती सोबत लावा. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून अनेक बागायतदारांचं विवरणपत्र रिकामं किंवा किरकोळ दिसतं. त्यांनी सातबारा आणि आठ-अ यांचं इंग्रजी भाषांतर, बाजार समितीच्या पट्ट्या किंवा निर्यातदाराकडून खात्यात जमा झालेल्या रकमा, आणि एका पानाचं साधं स्पष्टीकरण लावावं. बँकेत माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं.

नावाचा घोळ तिकिटातही होतो. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. विमानाचं तिकीट काढताना तो रकाना जसाच्या तसा उतरवायचा. बोटीच्या तिकिटालाही हेच.

ग्रीसबरोबर इटलीही करायचा विचार असेल तर ज्या देशात जास्त रात्री त्याच देशाकडे अर्ज करायचा. रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. ग्रीसची वेळ लवकर मिळते म्हणून तिथून व्हिसा घेऊन सहा रात्री रोममध्ये काढायच्या, ही युक्ती कोणी सुचवली तर हसून सोडून द्या.

दहा रात्री असतील तर बेट एकच, फार तर दोन. अथेन्समध्ये तीन, नाफ्प्लियो या किनाऱ्यावरच्या गावात दोन, नाक्सोस बेटावर चार, आणि शेवटची रात्र परत अथेन्समध्ये. ती शेवटची रात्र चैन म्हणून ठेवायची नाही, वाऱ्यासाठी ठेवायची. वारा बोफर्ट मापावर ८ च्या आसपास गेला की बंदराचे अधिकारी बोटी रोखतात, लहान वेगवान बोटी तर त्याआधीच थांबतात. वसंतात असे दिवस येतात. बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे मिळतात किंवा पुढची बोट मिळते, पण चुकलेल्या विमानाचे कोणी देत नाही. ज्या दिवशी विमान त्याच दिवशी बेटावरून निघायचं, असा बेत करूच नये.

पिरेअसहून नाक्सोसला मोठी बोट साधारण साडेपाच तास घेते, सँटोरिनीला साडेसात-आठ. वेगवान बोटी वेळ वाचवतात, पण महाग पडतात, बहुतेकींना मोठा उघडा डेक नसतो आणि लाटांत पोट ढवळतं. वसंतात मोठीच बोट घ्या. सर्वांत स्वस्त तिकिटावर आसनक्रमांक नसतो. थोडे युरो जास्त भरून क्रमांकाची खुर्ची घेतली की म्हाताऱ्या माणसांची पळापळ वाचते. तिकिटावरचा गेट क्रमांक नीट वाचा. नाक्सोस-पारोसच्या बोटी बहुतेक ई-६, ई-७ कडून सुटतात, ते मेट्रो स्टेशनच्या समोरच आहे. क्रीटच्या बोटी बंदराच्या पार दुसऱ्या अंगाला असतात, बॅगा ओढत तिकडे जाणं म्हणजे चांगली रपेट. विमानतळावरून थेट पिरेअसपर्यंत मेट्रोची निळी मार्गिका आहे, तिकीट ९ युरो. रात्री उशिरा उतरलात तर एक्स-९६ ही बस रात्रभर चालू असते.

बोटीत शिरताना खालच्या गाड्यांच्या मजल्यावर बेटांची नावं लिहिलेल्या मांडण्या असतात. आपल्या बेटाच्या मांडणीवर बॅग ठेवायची. पासपोर्ट, औषधं, पैसे मात्र अंगावर. उतरताना खरी गंमत. मधल्या बेटांवर बोट जेमतेम काही मिनिटं थांबते. घोषणा झाली की लगेच खाली यायचं, बॅग काढून उघडणाऱ्या लोखंडी दारासमोर उभं राहायचं. साखळ्या करकरत दार खाली झुकतं, डिझेलचा वास येतो, ते धक्क्याला टेकलं की गाड्या आणि माणसं एकदमच सुटतात. वर चहा संपवत बसलेला माणूस पुढच्या बेटावर उतरतो.

नाफ्प्लियोला अथेन्सच्या किफिसोस बसस्थानकातून केतेलच्या, म्हणजे तिथल्या एसटीसारख्या, बसने दोन-अडीच तास. आधुनिक ग्रीसची ही सुरुवातीची राजधानी. मिकीनी आणि एपिडाव्रोस ही प्राचीन स्थळं इथून दिवसभरात होतात. बेटावर गाडी घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना नाशिकमधूनच, पेठ रोडच्या आरटीओमधून काढून न्या. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, आणि गिअर नसलेल्या गाड्या मोजक्या, म्हणून आधीच आरक्षित करा.

द्राक्षवाल्यांसाठी सँटोरिनीचं वेगळं आकर्षण आहे. तिथे ना मांडव ना वाय आकाराचा आधार. वेल जमिनीलगत टोपलीसारखा गोल गोल वळवतात, आणि घड त्या टोपलीच्या आत धरतात, वाऱ्यापासून आडोसा म्हणून. राखाड ज्वालामुखी माती इतकी भुसभुशीत की फायलोक्सेरा ही द्राक्षाच्या मुळांवरची कीड टिकली नाही, त्यामुळे असिर्तिको या तिथल्या द्राक्षजातीचे वेल आजही स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत, खुंटाची कलमं नाहीत. एप्रिलमध्ये कोवळी फूट आलेली असते आणि टोपलीची वीण स्पष्ट दिसते. अडचण एकच, तेव्हा आपल्याकडे खरड छाटणी चालू असते.

थोडं किरकोळ. अॅक्रोपोलिसचं तिकीट ३० युरो, वेळेच्या खाचेसह ऑनलाइन काढा आणि सकाळी ८ ची खाच घ्या. संगमरवर गुळगुळीत झालाय, चपला नकोत. १८ एप्रिलला प्रवेश फुकट असतो, म्हणूनच त्या दिवशी टाळा. १ एप्रिलपासून हॉटेलात प्रतिखोली प्रतिरात्र कर वाढतो, तीन तारांकितला ५ युरो, चारला १०, आणि तो बहुधा तिथेच वेगळा मागतात. एटीएम किंवा कार्डाच्या यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ असं विचारलं तर नेहमी युरो. रुपयांचा दर महाग असतो. अथेन्समध्ये एप्रिलच्या दुपारी २० अंशांच्या आसपास, पहाटे ११-१२. समुद्र १६-१७ अंश, म्हणजे पाय बुडवण्यापुरताच. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे जातात, त्यानंतर आपल्यात अडीच तासांचा फरक राहतो. आणि संडासात कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. जुन्या नळ्या बारीक आहेत, तुंबतात. फवारा बहुतेक ठिकाणी नसतो, एक लिटरची रिकामी बाटली ठेवा.